शेवटच्या डब्यातला दिवा

“तात्यांच्या हाताला तोड नव्हती, पण उतारवयात नजरेने त्यांची साथ सोडली. रेझिस्टन्सवरचा तांबडा पट्टा आणि नारिंगी पट्टा यांतला फरक त्यांना कळेनासा झाला आणि शेवटच्या डब्यात एक हजार ओमच्या जागी दहा हजार ओमचा रेझिस्टन्स बसला. म्हणूनच आपल्या लाडक्या लहान गाडीचे तीन डबे उजळलेले आणि चौथा अंधारलेला दिसतो. तात्यांच्या वयाचा मान राखून आम्ही ही चूक आजवर तशीच ठेवली. येत्या दिवाळीच्या पाडव्याला मात्र ती दुरुस्त करून तात्यांचे अपुरे राहिलेले काम आम्ही पूर्ण करणार आहोत.”

हा मजकूर आमच्या बारामतीतल्या एका शाळेच्या स्मरणिकेत छापून आला आहे. लिहिणारे गृहस्थ प्रसादराव हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अभियंता असून शाळेच्या सभागृहात मांडलेल्या लहान गाडीच्या, म्हणजे जुन्या अरुंद रुळांच्या आगगाडीच्या, प्रतिकृतीची देखभाल सध्या त्यांच्याकडे आहे. ती प्रतिकृती मी, म्हणजे या मजकुरातल्या तात्याने, तयार केली, हे मात्र त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. त्यांच्या मजकुरातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे. उरलेल्या मजकुराचा समाचार घेण्यासाठी हा लेख आहे, आणि तो पाडव्याच्या आधी वाचकांच्या हाती पडावा असा आग्रह मी संपादकांकडे धरला आहे. पाडव्याला माझा दिवा काढला जाणार आहे. तो काढू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. पण एवढेच म्हणून कोणी ऐकत नाही, असा माझा अनुभव असल्यामुळे सविस्तर लिहितो.

भिगवण रस्त्याला माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी टाकून देऊ लागले, तेव्हा मी गणेशोत्सवातल्या देखाव्यांच्या रोषणाईकडे वळलो आणि तिथून चालत्या आगगाड्यांकडे. या धंद्यात बाहेरच्याला दिसते ते इंजिन, बोगदा, झाडे आणि सिग्नल. खरी कसोटी लागते ती डब्यातल्या इवल्याशा दिव्याला कोणता रेझिस्टन्स लावायचा, या प्रश्नावर.

एलईडी हा दिवा मोठा अधाशी. जुन्या बल्बला आपले पोट कळत असे. एलईडीला ते कळत नाही. त्याला मिळेल तेवढी वीज तो पितो, क्षणभर डोळे दिपवतो आणि संपतो. म्हणून त्याच्या वाटेवर रेझिस्टन्स बसवावा लागतो. आमच्या भागातल्या वाचकांना हे समजावणे सोपे आहे. उसाला पाणी देताना पाट मोकळा सोडला तर सऱ्या फुटतात; म्हणून एक माणूस फावडे घेऊन दारे धरतो, माती ओढतो, माती सारतो आणि सरीला झेपेल तेवढेच पाणी आत जाऊ देतो. रेझिस्टन्स म्हणजे तो दारे धरणारा माणूस. माती किती ओढायची, हे ज्याला कळले त्याला हा धंदा कळला.

हा रेझिस्टन्स गव्हाच्या दाण्याएवढा असतो. त्यावर आकडे छापायला जागा नसते, म्हणून रंगांचे पट्टे असतात. पहिले दोन पट्टे दोन आकडे सांगतात आणि तिसरा पट्टा त्यांच्यापुढे किती शून्ये द्यायची ते सांगतो. तिसरा तांबडा असेल तर दोन शून्ये, नारिंगी असेल तर तीन. तांबड्याच्या ठिकाणी नारिंगी आला की रेझिस्टन्स दसपट होतो आणि दिवा मलूल पडतो. प्रसादरावांचा सारा आरोप या तिसऱ्या पट्ट्यावर उभा आहे. आरोप म्हणून तो हुशारीचा आहे, हे मला मान्य करावे लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाजारात हे रेझिस्टन्स ठरावीक मापांचेच मिळतात, चपलांसारखे. आपल्या पायाचे माप दोन नंबरांच्या मधे पडत असेल, तर दुकानदार त्याला काही करू शकत नाही.

ज्या वर्षी मी ही गाडी केली त्या वर्षी मला मोतीबिंदू होता, हे खरे आहे. म्हणूनच मी रंगांवर विसंबत नव्हतो. प्रत्येक नग मीटरवर मोजूनच हाती घेत होतो. पण हे झाले माझे बोलणे, आणि माझ्या बोलण्यावर लोकांचा विश्वास असता तर मला लेखणी उचलावी लागली नसती.

माझ्या कामाविषयी चुकीच्या हकिकती पसरवण्याची परंपरा जुनी आहे. इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या गणेश मंडळाने एका वर्षी घाटातून जाणाऱ्या गाडीचा देखावा केला. दिवे, रेझिस्टन्स, अडॅप्टर असे सगळे सामान मी बांधून दिले होते आणि कशाला काय जोडायचे ते बोलूनही सांगितले होते. प्रतिष्ठापनेच्या दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष मोटारसायकलवर खोके बांधून दुकानात हजर झाले.

“तात्या, तुमचा अडॅप्टर फुसका निघाला.”

“काय झालं?”

“काय न्हाय, समदं एकदम पेटलं. आख्खा घाट झळाळला. मान्सं टाळ्या वाजवाय लागली.”

“मग?”

“मग आरती सुरू झाली.”

“आणि?”

“आन् आरती अंधारातच झाली.”

मी खोके उघडले. दिवे काळे पडले होते आणि रेझिस्टन्सची पुडी मी बांधून दिली होती तशीच, दोऱ्याच्या गाठीसह, तळाशी पडली होती. ती त्यांच्यापुढे धरून मी विचारले, “हे का लावले नाहीत?”

“त्ये व्हय? त्यानं उजेड मार खातोय, असं आमची पोरं म्हनली.”

“उजेड मार खात नाही, अध्यक्ष. उजेड त्याच्यामुळेच टिकतो.”

“टिकून काय करायचंय तात्या? धा दिसाचा तर देव.”

त्या गावात आजही माझा अडॅप्टर फुसका होता असेच सांगितले जाते. तो चांगला होता. पुढच्या वर्षी त्याच मंडळाचे कारंजे त्याच अडॅप्टरवर विसर्जनापर्यंत चालले, ही गोष्ट तिथले कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

दुसरी हकिकत भिगवणची. महामार्गालगत मासळीचे जेवण देणाऱ्या एका हॉटेलमालकांना भिंतीवरच्या फळीवरून फिरणारी गाडी हवी होती. तिच्या मालडब्यात बडीशेप ठेवायची आणि गाडी टेबलापाशी आली की गिऱ्हाइकाने ती उचलायची, अशी त्यांची कल्पना. मी गाडी करून दिली. ती उत्तम चालली. दोन-तीन महिन्यांनी मालकांचा निरोप आला, की डब्यांतले दिवे कमजोर झाले आहेत, जोरदार बसवा. तसे होणार नाही, असे सांगूनच मी जाऊन पाहिले, तर तळणाच्या वाफेने खिडक्यांवर तेलाचा थर चढलेला. मी धोतराच्या सोग्याने खिडक्या पुसल्या.

“ह्ये बगा!” मालक गल्ल्यावरून ओरडले. “वाढला का न्हाय उजेड? उगंच म्हनत हुता, हुनार न्हाय म्हनून!”

“अहो, मी फक्त काच पुसली.”

“आसूं द्या, आसूं द्या. मोठी मान्सं कला सांगत न्हाईत.”

तेव्हापासून महामार्गावर मी गुप्तपणे दिवे वाढवून देतो अशी ख्याती झाली आणि भिगवणहून लोक दिव्यांचा जोर वाढवून मागायला येऊ लागले. सगळ्यांना जास्त उजेड हवा असे. इंजिनाला जास्त, बोगद्याला जास्त, स्टेशनावरच्या हाताएवढ्या फलाटाला तर लग्नमंडपाइतका. सबंध धंद्यात मला कमी उजेड मागणारे गिऱ्हाईक एकच भेटले. ते माझ्या घरचेच होते.

दौंडहून बारामतीला येणारी अरुंद रुळांची लहान गाडी ज्यांनी पाहिली ते आता थोडे उरले आहेत, आणि जे उरले आहेत ते एकमेकांच्या आठवणी खोडून काढण्यात गुंतले आहेत. कोणी तिचा रंग वेगळा सांगतो, कोणी शिट्टी. मी दिव्यांविषयी बोलतो, कारण तो माझा विषय आहे. त्या गाडीच्या डब्याखाली चाकावर चालणारा डायनामो होता आणि जोडीला एक म्हातारी बॅटरी. गाडी चालीवर असली की दिवा पिवळा फुलायचा. स्टेशन जवळ आले, चाके मंदावली, की तो लालसर होत होत नुसत्या तारेपुरता उरायचा. गाडी सुटली की पुन्हा हळूहळू डोळे उघडायचा. सबंध डबा असा श्वास घेत असल्यासारखा वाटे. रूळ रुंद झाले आणि ती गाडी गेली. नवी गाडी वेगवान आहे, सोयीची आहे, मी तिच्यातून प्रवास करतो. पण तिचे दिवे गाडी उभी असो की पळती असो, एकसारखेच जळतात, आणि त्यामुळे डोळे मिटले तर आपण कुठे आलो ते कळत नाही.

शाळेने या गाडीची प्रतिकृती मागितली तेव्हा मी आनंदाने होकार दिला. अशा खेळण्यातल्या गाडीला वीज रुळांतून मिळते. वीज वाढवली की गाडी पळते, घटवली की थांबते, आणि डब्यांतले दिवे त्याच विजेवर असल्यामुळे गाडीबरोबर तेही वाढतात आणि मंदावतात. हौशी मंडळी याला दोष समजतात आणि तो घालवण्यासाठी नाना खटपटी करतात. मला मात्र वाटले, की आपल्या लहान गाडीचा श्वास इथे आपोआप सापडला आहे. अडचण एवढीच होती, की गाडी थांबली की दिवा ठार विझे. त्यावर मी प्रत्येक डब्यात थोडी वीज साठवून ठेवणारा कंडेन्सर बसवला, म्हणजे विझण्याऐवजी दिवा कलत जाईल. चारही डबे तयार झाले, सगळ्यांना एक हजार ओम लावले आणि दिवे पेटवून मी मागे सरकून पाहत बसलो. मला ते काम सुंदर वाटले.

त्या दिवशी डबा विसरलो म्हणून कौसल्या, माझी पत्नी, जेवण घेऊन दुकानात आली होती. ती शिर्सुफळची, म्हणजे या गाडीच्याच वाटेवरची. तिने जेवणाचा डबा टेबलावर ठेवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि शेवटच्या डब्यापाशी वाकली.

“ह्यो आपला डबा न्हवं?”

आमचे वऱ्हाड शिर्सुफळहून बारामतीला लहान गाडीच्या शेवटच्या डब्यातून आले होते. मी म्हणालो, “होय. हाच.”

“मग ह्यो उजेड कसला? मांडवावानी दिसतंय. हिच्यात कोन बगंल कुनाकडं?”

“म्हणजे?”

ती पदर सावरत उगीच बाकाकडे पाहू लागली. मी पुन्हा विचारले, तेव्हा तिने सांगितले. लग्न होऊन आयुष्य सरत आले होते, मुलांची लग्ने झाली होती, आणि ही गोष्ट मी त्या दुपारी प्रथम ऐकली.

“उजेड आसला की समद्या बाया माझ्या तोंडाकडं बगायच्या. नवरी रडती का, हसती का, कुनाकडं बगती का. मग मी आपली खाली मान घालून बसायची. ठेसन आलं की दिवा बसायचा. तेवढ्यात मी बगून घ्यायची.”

“कोणाला? मला?”

“न्हाय तर काय तिकीटवाल्याला?”

“आणि काय दिसलं?”

“कान. लई मोठं हुतं. मला वाटलं, आता ह्या मान्सापशी काय बोलायची सोय न्हाय, समदं ऐकू जाईल.”

हे ऐकून माझे काय झाले ते लिहिण्याची माझी पद्धत नाही. मी धंद्याचा प्रश्न विचारला. “मग दिवा किती हवा?”

तिने जरा विचार केला. “तुमचं कान दिसावं आन् माझं डोळं दिसू नयेत. एवढा.”

माझ्या सबंध आयुष्यात कोणत्याही गिऱ्हाइकाने मला इतके काटेकोर माप दिले नाही.

मी दुकानाचे शटर खाली ओढले, कारण बाहेर ऊन होते आणि असले काम उजेडात होत नाही. मातीच्या दोन बोटभर बाहुल्या करून समोरासमोरच्या बाकांवर बसवल्या. एवढ्यात शेजारचा चहावाला गणपा शटर वाजवू लागला.

“तात्या, भर दुपारी शटर? आत हाय का कोन?”

“काकू आहेत.”

“आसं व्हय. मग च्या आत्ता देऊ, का मागनं येऊ?”

मी काही बोलण्याआधी कौसल्या आतून म्हणाली, “आत्ताच दे मुडद्या, आन् शटर उचलू नगंस. फटीतनं सार.”

शटरखालून दोन पेले आत आले. बाहेर गणपाच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. त्याने ही गोष्ट सबंध रस्त्याला रंगवून सांगितली आणि तिच्याही बऱ्याच आवृत्त्या झाल्या. आत आम्ही काय करत होतो ते असे: मी रेझिस्टन्स बदलत होतो आणि कौसल्या डब्याच्या खिडकीला डोळा लावून निकाल देत होती. दोन हजार दोनशे. “मांडव.” तीन हजार तीनशे. “मांडवाच्या भाईर, पन येशीच्या आत.” मी वर चढत गेलो. सहा हजार आठशेला ती म्हणाली, “कान दिसत्यात. पन माझं डोळंबी दिसत्यात.” त्यापुढचे बाजारी माप आठ हजार दोनशे. ते लावले. “गेलं. आता तुमी न्हाईच डब्यात.”

मी तिला समजावले, की या दोहोंतला फरक माणसाच्या डोळ्याला कळण्यासारखा नाही. तुम्हाला नसंल कळत, असे ती म्हणाली. मी तिला पाठमोरी बसवून गुपचूप अदलाबदल केली आणि पुन्हा पाहायला लावले. तिने बरोबर ओळखले. परत अदलाबदल केली, परत ओळखले. तिसऱ्या वेळी ती चुकली. ते मी तिला सांगितले नाही आणि आता सांगण्याचा प्रश्न उरलेला नाही.

शेवटी त्या दोन मापांच्या मधली जागा मी साधली. कौसल्येने खिडकीला डोळा लावला. इंजिन बाजूला काढलेले होतेच; मी रुळांतली वीज हळूहळू घटवली. दिवा कलत गेला. ती तशीच वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, “हां. आता ऱ्हाऊं द्या. हात लावू नका.”

मी हात लावला नाही. माझा आग्रह इतकाच आहे, की इतरांनीही लावू नये.

या हकिकतीला माझ्या मेव्हण्यांचा, म्हणजे कौसल्येचे धाकटे बंधू दामूअण्णा यांचा विरोध आहे, हे मी लपवत नाही. दामूअण्णांची इंदापूर तालुक्यात डाळिंबाची बाग आहे आणि प्रत्येक बाबतीत स्वतंत्र मत आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार वऱ्हाड रेल्वेने गेलेच नाही. “ताई टरकानं गेली, दाजी. मी हुतो की टरकात!” असे ते चारचौघांत सांगतात. दामूअण्णा ट्रकमध्ये होते यात शंका नाही. रुखवताची भांडी, गाद्या, एक शेळी आणि दामूअण्णा अशी ट्रकची यादी मला पक्की आठवते. ते ट्रकमध्ये होते यावरून ते ट्रकमध्ये होते, एवढेच सिद्ध होते. ते शेळी धरून बसले होते, तेव्हा त्यांची बहीण कुठे आणि कोणाकडे पाहत होती, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. तसा तो मलाही नव्हता. मी समोर बसून फेट्याचा ताप सहन करत खिडकीबाहेर पाहत होतो. दिवा इतक्या वेळा मंदावला आणि मी एकदाही समोर पाहिले नाही, हे आता आठवते.

कौसल्या जाऊन काही वर्षे झाली. मधल्या काळात गाडी शाळेच्या अडगळीच्या खोलीत पडली होती. तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या, रूळ गंजले होते. प्रसादरावांनी आणि त्यांच्या मित्रांनी सुट्टीच्या दिवशी खपून ती बाहेर काढली, नवे रूळ टाकले, सभागृहात मांडली. हे उपकार मी विसरलेलो नाही आणि त्यांच्या कामाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे रूळ माझ्यापेक्षा सरळ आहेत. शाळेत कार्यक्रम असला की गाडी चालवतात, तेव्हा मी जाऊन मागच्या खुर्चीवर बसतो. मुले इंजिनाकडे पाहतात. प्रतिकृतीतल्या शिर्सुफळ स्टेशनात गाडी शिरू लागली की मी पुढे वाकतो. तिन्ही डबे मंद होतात, चौथा त्याहून मंद होतो, आणि खिडकीतून दोन बाहुल्या जेमतेम ओळखू येतात. एकीला कान आहेत, ते मी त्या दुपारी कौसल्येच्या सांगण्यावरून मोठे केले होते. दुसरीचे डोळे दिसत नाहीत. ती कुठे पाहते आहे हे फक्त मला ठाऊक आहे. मग कोणी तरी वीज वाढवतो, गाडी सुटते, आणि मी पुन्हा ते स्टेशन येण्याची वाट पाहतो. घरी परतायला मला नेहमी उशीर होतो.

स्मरणिका हाती आली त्या दिवशी प्रसादरावांचाच फोन आला.

“तात्या, वाचलंत का?”

“वाचलं. तुम्ही डबा उघडून पाहिलात?”

“नाही हो. छप्पर चिकटवलेलं आहे ना, तुटेल म्हणून नाही उघडलं.”

“मग आत कोणता रेझिस्टन्स आहे ते कसं कळलं?”

“हिशेब केला. बाकीचे तीन एक हजाराचे आहेत. उजेड पाहता हा दहा हजाराचाच असणार. आणि त्याच वर्षी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नाही का?”

“मी तो दिवा मुद्दाम मंद ठेवला आहे.”

पलीकडे अत्यंत प्रेमळ स्वर. “असू द्या हो तात्या. वय झालं की होतं असं. आमच्या आईलाही हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही.”

“मी सुईविषयी बोलत नाही!”

“बरं, मुद्दाम तर मुद्दाम. पण का?”

प्रश्न रास्त होता. पण कौसल्येने खाली मान घालून जे जपले आणि मलाही सांगायला आयुष्य लावले, ते मला फोनवर एका वाक्यात सांगता येईना. मी फोन ठेवला. म्हातारा चिडला, असा त्याचा अर्थ लावला गेला. तो अर्धा बरोबर होता.

पाडव्याला चौथ्या डब्यात नवा, पांढरा, कधीच न मंदावणारा दिवा बसवला जाईल आणि त्याचे बटण दाबण्याचा मान मला मिळेल, असे निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. प्रसादराव, ज्याच्या घरी पाडव्याला ओवाळणारे माणूस उरलेले नाही, त्याला त्या दिवशी एक दिवा विझवण्यासाठी तुम्ही बोलावता आहात. तुम्हाला हे माहीत नव्हते. आता माहीत झाले आहे.

तरीही मी दयेचा अर्ज करत नाही. कौसल्येची गोष्ट हा पुरावा होत नाही, हे मला कळते. ती सांगणारा मी एकटा आहे. दामूअण्णा म्हणतील ट्रक, गणपा म्हणेल चहा, प्रसादराव म्हणतील वय. तेव्हा माझी गोष्ट बाजूला ठेवा, माझा मीटर बाजूला ठेवा, माझे डोळेही बाजूला ठेवा, आणि जे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल तेवढेच पाहा. चौथ्या डब्याचे छप्पर चिकटवलेले नाही. मागच्या टोकाच्या पट्टीखाली दोन बारीक स्क्रू आहेत. ते सोडवले की छप्पर उचलून निघते. नजर चुकलेला माणूस एका रेझिस्टन्सच्या जागी दुसरा बसवतो. त्या डब्यात दोन रेझिस्टन्स आहेत, एक चार हजार सातशेचा आणि एक दोन हजार सातशेचा, एकापुढे एक कथलाचा डाग देऊन जोडलेले, मिळून सात हजार चारशे, आणि दोघांचाही तिसरा पट्टा तांबडा आहे.